स्क्रीनशॉट : नक्कल कशाची, पुरावा कशाचा?

लॅपटॉपच्या पडद्यावर जे दिसते त्याचे चित्र टिपून ठेवणे हा आता शाळेच्या रोजच्या कामाचा भाग झाला आहे. ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण केले, स्क्रीनशॉट पाठवा. माहिती भरली, स्क्रीनशॉट पाठवा. विद्यार्थ्याने आलेख काढला, त्याचाही स्क्रीनशॉट. संगणकाच्या तासाला या विषयावर धडा असतो आणि तो बहुधा दोन वाक्यांत संपतो : अमुक कळ दाबा, चित्राच्या प्रोग्रॅममध्ये चिकटवून साठवा. कळ दाबल्यावर नेमके काय टिपले जाते आणि काय निसटते, हा प्रश्न त्या धड्यात येत नाही.

विज्ञानाच्या शिक्षकाने तो विचारायला हवा. तापमापी काय मोजते, तिचे लघुत्तम माप किती, तिच्यात त्रुटी कोठून येते, हे समजल्याशिवाय आपण मुलांना तापमान नोंदवू देत नाही. स्क्रीनशॉट हेही नोंद घेण्याचे एक साधनच आहे. त्याच्याबद्दल तीन समजुती रूढ आहेत. तो पडद्याचा फोटो आहे, तो मजकुराची प्रत आहे आणि तो पुरावा आहे. या तिन्ही समजुती तपासून पाहिल्या तर त्यांपैकी एकही पूर्ण खरी ठरत नाही.

कळीचे नाव आणि कळीचे काम

प्रथम त्या कळीकडे पाहू. तिच्यावर ‘प्रिंट स्क्रीन’ अशी किंवा तिच्या संक्षेपाची अक्षरे असतात. लॅपटॉपवर जागा कमी असल्याने ती पुष्कळदा दुसऱ्या कळीबरोबर एकाच चौकोनात कोंबलेली असते आणि जोडीला ‘एफएन’ कळ दाबावी लागते. पण ही कळ दाबून आज काहीही छापले जात नाही. मग हे नाव आले कोठून?

१९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यावर शिफ्ट धरून ही कळ दाबली की पडद्यावरचा मजकूर खरोखरच छपाईयंत्राकडे जाई. त्या काळी पडद्यावर २५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे, म्हणजे २,००० अक्षरांच्या जागा असत. संगणकाच्या स्मृतीत प्रत्येक जागेसाठी दोन बाइट राखलेले असत : एक अक्षराच्या क्रमांकाचा, दुसरा त्याच्या रंगरूपाचा. कळ दाबल्यावर संगणक एकेका जागेवरचे अक्षर वाचून ते छपाईयंत्राला सांगत असे. म्हणजे तेव्हा नक्कल होत होती ती अक्षरांची. ‘क’ हे ‘क’ म्हणूनच पुढे जात होते.

पुढे चित्रमय पडदे आले आणि कळीचे काम बदलले, नाव तेच राहिले. आजच्या पडद्यामागच्या स्मृतीत अक्षरे नसतात, ठिपके असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. सर्वत्र आढळणाऱ्या लॅपटॉपच्या पडद्यावर रुंदीत १,९२० आणि उंचीत १,०८० ठिपके असतात, एकूण २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्यासाठी तांबड्या, हिरव्या आणि निळ्या रंगाची तीव्रता ० ते २५५ या आकड्यांत सांगितलेली असते. तीन रंगांचे तीन बाइट धरले तर एका पडद्याचे ६२,२०,८०० बाइट होतात. कळ दाबली की आकड्यांचा हा तक्ता उचलला जातो. स्क्रीनशॉट म्हणजे एवढेच : एका क्षणी स्मृतीत असलेल्या ठिपक्यांची नोंद.

कोणती कळ दाबायची हे त्या मानाने किरकोळ आहे. विंडोजमध्ये ऑल्टसह ही कळ दाबली तर एकाच खिडकीचे चित्र मिळते. २०१२ च्या विंडोज ८ पासून विंडोज कळीसह ती दाबली तर चित्र थेट फाइल म्हणून साठते. विंडोज, शिफ्ट आणि एस या तीन कळा एकदम दाबल्या तर हवा तेवढाच भाग निवडता येतो. ॲपलच्या लॅपटॉपवर ही कळच नसते; तेथे कमांड, शिफ्ट आणि ३ किंवा ४ दाबतात. मग ‘स्क्रीनशॉटसाठी कोणती कळ वापरतात?’ हा परीक्षेतला प्रश्न नेमके काय तपासतो? मुलाच्या समोर कोणत्या कंपनीचा संगणक आहे, एवढेच.

पडद्याचा फोटो?

आता पहिली समजूत. ती तपासायला तीन सोपे प्रयोग पुरतात आणि ते वर्गात पाच मिनिटांत होतात.

पहिला प्रयोग : पडद्याचा उजेड अगदी कमी करा आणि स्क्रीनशॉट घ्या. मग उजेड पूर्ण वाढवून दुसरा घ्या. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर त्यांत काहीच फरक दिसत नाही. डोळ्यांना पडदा काळवंडलेला दिसत होता, पण चित्राला त्याचा पत्ता नाही. कारण उजेड कमी झाला तो पडद्यामागच्या दिव्याचा. स्मृतीतले आकडे होते तेवढेच राहिले. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पडदा पिवळसर करण्याची सोय असते, तिचा पिवळेपणाही बहुतेक लॅपटॉपवर चित्रात उतरत नाही. तो रंगबदल ठिपके स्मृतीतून पडद्याकडे जाताना, म्हणजे नोंद घेण्याच्या जागेच्या पलीकडे होतो.

दुसरा प्रयोग : माउसचा बाण पडद्याच्या मधोमध ठेवा आणि प्रिंट स्क्रीन कळ दाबा. विंडोजवर मिळालेल्या चित्रात बाण सहसा नसतो. बाण सतत हलत असल्याने प्रत्येक वेळी सगळे चित्र नव्याने रंगवण्याऐवजी तो वरून वेगळा ठेवला जातो. त्याच प्रकारे, हक्करक्षित चित्रपट चालू असताना स्क्रीनशॉट घेतला तर त्या जागी पुष्कळदा नुसता काळा चौकोन येतो.

तिसरा प्रयोग : त्याच पडद्याचा मोबाइलने फोटो काढा. फोटोत बाण आहे, पिवळेपणा आहे, पडद्यावरची धूळ आणि खिडकीचे प्रतिबिंबही आहे. शिवाय पडद्यावर नसलेले लहरींसारखे पट्टे दिसण्याचा संभव आहे. पडद्याच्या ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्यातल्या संवेदकांची जाळी एकमेकींवर पडल्याने ते उमटतात. दोन बारीक जाळीचे पडदे एकावर एक धरले की दिसणाऱ्या नक्षीसारखेच हे आहे.

मुलांना येथे थांबवून विचारावे : ‘खरे’ चित्र कोणते? मोबाइलने पडद्यातून बाहेर आलेला प्रकाश नोंदवला. स्क्रीनशॉटने प्रकाश होण्यापूर्वीचे आकडे नोंदवले. दोन्ही नोंदी खऱ्या, पण त्या दोन वेगळ्या ठिकाणी घेतलेल्या आहेत. पडदा फार अंधूक दिसतो अशी तक्रार दुरुस्तीवाल्याकडे न्यायची असेल तर स्क्रीनशॉट निरुपयोगी आहे. तेथे मोबाइलचा फोटोच हवा.

मजकुराची प्रत?

दुसरी समजूत जास्त नुकसान करते. मराठीत टंकलेल्या ‘विज्ञान’ या शब्दात युनिकोड पद्धतीने सात चिन्हे असतात : व, इकार, ज, हलन्त, ञ, काना आणि न. प्रचलित यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण २१ बाइट. एवढ्या २१ बाइटांत तो शब्द शोधता येतो, दुरुस्त करता येतो, मोठ्या अक्षरांत पाहता येतो, आवाजात ऐकता येतो. दीड हजार चिन्हांचे सबंध पान साडेचार हजार बाइटांत मावते. त्याच पानाच्या स्क्रीनशॉटला, चित्र दाबून लहान केल्यानंतरही, काही लाख बाइट लागू शकतात आणि त्यात वरीलपैकी काहीच करता येत नाही. जागा जास्त घेऊन उपयोग कमी, असा हा सौदा आहे.

त्यात चित्र किती वेळा फिरले यावरही बरेच अवलंबून असते. स्क्रीनशॉट सहसा पीएनजी प्रकारच्या फाइलमध्ये साठतो. या पद्धतीत एकही ठिपका बदलत नाही. पण संदेशाच्या ॲपमधून पाठवताना त्याचे पुष्कळदा जेपीईजीत रूपांतर होते. जेपीईजी चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्यांना फारसे जाणवणार नाहीत असे बारकावे सोडून देते. आकाश, चेहरा, झाडी यांच्या छायाचित्रांना ते चालते. पांढऱ्यावर काळे अक्षर म्हणजे मात्र बारकावाच बारकावा. अक्षरांभोवती धुरकट ठिपके येतात. आधीच बारीक असलेले अनुस्वार आणि दशांशचिन्ह यांची फार आबाळ होते. ‘३.५’ मधला टिंब एक-दोन ठिपक्यांचा असेल आणि चित्र निम्मे झाले असेल तर वाचणारा ‘३५’ वाचतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगात ही चूक दहापटीची आहे.

आणखी एक वाचक आपण विसरतो. दृष्टिहीन विद्यार्थी आणि शिक्षक पडदावाचक प्रणाली वापरतात. ऑस्ट्रेलियात २००६ साली सुरू झालेली एनव्हीडीए ही अशीच एक मोफत प्रणाली. पडद्यावरचा मजकूर ती आवाजात वाचून दाखवते. तिला अक्षरे लागतात. परिपत्रकाचा स्क्रीनशॉट समोर आला की ती ‘चित्र’ एवढेच सांगून थांबते. टंकलेले, वाचता येण्याजोगे परिपत्रक आपण एक कळ दाबून या वाचकाच्या हातून काढून घेतो आणि आपल्याला ते कळतही नाही. चित्रातून पुन्हा अक्षरे ओळखणारे प्रोग्रॅम आहेत. टेसरॅक्ट नावाचा मुक्त प्रोग्रॅम मराठीही ओळखतो. पण तो अखेर अंदाज असतो आणि जोडाक्षरांत व अनुस्वारांत चुकतो. जी अक्षरे हाताशी होती ती पुसून पुन्हा ओळखत बसण्यात कोणते शहाणपण?

आलेख आणि आलेखाचे चित्र

विज्ञानाच्या तासाला याचे खरे मोल कळते. तापवलेले पाणी थंड होताना दर मिनिटाला तापमान नोंदवण्याचा प्रयोग घ्या. अर्ध्या तासात, सुरुवातीची नोंद धरून, ३१ नोंदी होतात. विद्यार्थी त्या संगणकावरच्या तक्त्यात भरतो, आलेख काढतो आणि त्याचा स्क्रीनशॉट शिक्षकांना पाठवतो. वक्र सुबक दिसतो. गुणही मिळतात.

आता त्या चित्रावरून मूळ नोंदी परत काढायचा प्रयत्न करा. समजा, आलेखाची उंची ४०० ठिपके आहे आणि अक्षावर २० ते १०० अंश सेल्सिअस दाखवले आहेत. म्हणजे ८० अंशांना ४०० ठिपके, एका ठिपक्याला ०.२ अंश. तापमापी ०.१ अंशापर्यंत वाचता येत असेल तर तिने दिलेली अचूकता चित्राने निम्मी केली. रेषा तीन ठिपके जाड असेल तर अनिश्चितता आणखी वाढली. चित्र वाटेत निम्मे लहान झाले तर ती पुन्हा दुप्पट.

याहून मोठे नुकसान पुढे आहे. न्यूटनच्या शीतलन नियमाप्रमाणे, पाणी आणि खोली यांच्या तापमानातील फरकाचा लॉगरिथम वेळेच्या समोर मांडला तर जवळपास सरळ रेषा यायला हवी. नियम तपासण्याची हीच रीत. मूळ ३१ आकडे हाती असतील तर हे काम दोन मिनिटांचे आहे. रेषा वाकली तर का वाकली, बाष्पीभवनाने सुरुवातीला पाणी अधिक वेगाने निवले का, असा पुढचा प्रश्नही विचारता येतो. चित्र हाती असेल तर ‘आलेख छान आला’ यापलीकडे काही बोलता येत नाही. विज्ञानात दुसऱ्याने आपल्या नोंदी घेऊन आपलाच निष्कर्ष तपासावा अशी अपेक्षा असते. स्क्रीनशॉट निष्कर्ष पोचवतो आणि तपासणीचा दरवाजा बंद करतो. ही खोड फक्त शाळेत आहे असे नाही. सहकाऱ्यांकडे नोंदी मागितल्या की आलेखाचे चित्र येते, हा अनुभव आम्हा संशोधकांनाही पुष्कळदा येतो. सवय लागते ती शाळेतच.

पुरावा?

तिसरी समजूत सर्वांत घातक. ‘स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे’ हे वाक्य आज वाद संपवण्यासाठी वापरले जाते. त्याची किंमत किती ते वर्गातच दाखवता येते.

हवामानाची माहिती देणारे एखादे पान उघडा. एफ-१२ कळ दाबली की बहुतेक ब्राउझरांत पानाची अंतर्गत रचना दिसते. ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या सोयीसाठी दिलेली असते. तेथे नागपूरच्या कमाल तापमानाचे ४४ काढून २४ लिहा. पडद्यावर लगेच २४ दिसते. मूळ संकेतस्थळावर काहीही बदललेले नाही. बदल फक्त आपल्या लॅपटॉपपुरता आहे आणि पान पुन्हा उघडले की नाहीसा होतो. मधल्या वेळात घेतलेला स्क्रीनशॉट मुलांना द्या आणि त्यातली खाडाखोड शोधायला सांगा. ती सापडणार नाही, कारण चित्रात खाडाखोड झालेलीच नाही. स्मृतीत २४ होते आणि साधनाने प्रामाणिकपणे २४ टिपले. अंकांचे वळण तेच, रंग तोच, अंतर तेच. भिंगाखाली धरून येथे काही हाती लागत नाही. हाती लागेल ते एकाच मार्गाने : मूळ पान स्वतः उघडून, किंवा हवामानाच्या दुसऱ्या स्वतंत्र नोंदीशी ताडून.

कायद्यानेही या बाबतीत सावधगिरी बाळगली आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने भारतीय पुरावा कायद्यात कलम ६५-ब घातले आणि इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीबरोबर प्रमाणपत्राची अट आली. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खटल्यात, मूळ उपकरण हजर केलेले नसेल तर हे प्रमाणपत्र आवश्यकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्यातील कलम ६३ च्या प्रमाणपत्रात नोंदीचे ‘हॅश मूल्य’ लिहावे लागते. फाइलमधल्या सर्व बाइटांवर ठरावीक गणिती क्रिया करून काढलेली ही एक संख्या असते. एक ठिपका बदलला तरी ती बदलते. पण येथेही बारकाईने पाहावे. फाइल नंतर बदललेली नाही, एवढेच हॅश मूल्य सांगते. टिपण्याच्या क्षणी पडद्यावर जे होते ते खरे होते की नाही, हे ते सांगू शकत नाही.

कापलेला भाग

चित्रात नको असलेले चित्रात राहू शकते, ही याचीच दुसरी बाजू. गुणपत्रकाचा स्क्रीनशॉट घेऊन इतर मुलांची नावे आणि पालकांचे दूरध्वनी क्रमांक कापून टाकणे हे शिक्षकांचे नेहमीचे काम. मार्च २०२३ मध्ये उघडकीला आले की विंडोज ११ मधील स्निपिंग टूल आणि विंडोज १० मधील तसेच साधन, शिवाय गूगलच्या पिक्सेल मोबाइलमधील चित्र संपादनाची सोय, यांत एक दोष होता. कापलेले चित्र त्याच फाइलवर साठवले तर नवे लहान चित्र फाइलच्या सुरुवातीला लिहिले जाई आणि जुन्या मोठ्या चित्राचे शेपूट मागे तसेच राही. कॅसेटवर लांब गाण्याच्या जागी आखूड गाणे भरले की शेवटी जुन्या गाण्याचा तुकडा ऐकू येतो, तसा हा प्रकार. त्या शेपटातून कापलेल्या भागाचा काही अंश परत मिळवता येत होता. कंपन्यांनी दुरुस्ती दिली. परंतु त्याआधी पाठवल्या गेलेल्या फाइली दुरुस्तीने बदलल्या नाहीत. खासगी मजकूर पडद्यावर आणूनच चित्र टिपायचे आणि मग कापायचे, यापेक्षा टिपण्याआधीच तो पडद्यावरून हटवणे केव्हाही चांगले.

मग वापरावा कोठे?

जेथे दिसणे हाच विषय आहे तेथे स्क्रीनशॉटला तोड नाही. संगणकाने चुकीचा संदेश दाखवला, तर शब्द आठवून सांगण्यापेक्षा चित्र पाठवावे. एखादा प्रोग्रॅम शिकवताना ‘वरच्या पट्टीतले तिसरे चिन्ह’ असे लिहीत बसण्यापेक्षा चित्रावर बाण काढावा. मराठी शिक्षकांना परिचयाचे आणखी एक उदाहरण आहे. एखाद्या संगणकावर ‘विद्यार्थी’ मधले जोडाक्षर फुटून दिसते. तो शब्द तसाच उचलून दुसऱ्याला पाठवला तर त्याच्या संगणकावर तो धड दिसेल आणि तक्रार खोटी ठरेल. शब्दाची चिन्हे बरोबर आहेत, बिघाड दिसण्यात आहे. येथे फक्त चित्रच खरे बोलते.

म्हणून कळ दाबण्यापूर्वी मुलांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा : मला काय हवे आहे? अक्षरे हवी असतील तर मजकूर उचलावा. आकडे हवे असतील तर तक्त्याची फाइल द्यावी. आलेखाचे चित्र हवेच असेल तर सोबत तक्ताही द्यावा. कोठून आले हे सांगायचे असेल तर पानाचा पत्ता, दिनांक आणि वेळ लिहावी. दिसणे हवे असेल तरच स्क्रीनशॉट घ्यावा आणि त्याखाली कोणत्या संगणकावर, कोणत्या प्रोग्रॅममध्ये, केव्हा घेतला हे एका ओळीत नोंदवावे. प्रयोगवहीत आकृतीखाली आपण हे लिहून घेतोच. ज्या कार्यालयांना पुराव्यासाठी शिक्षकांकडून स्क्रीनशॉट हवे असतात त्यांनीही लक्षात घ्यावे : प्रशिक्षण कोणी पूर्ण केले याची नोंद त्यांच्याच संगणकावर आधीपासून असते. मूळ नोंद स्वतःकडे असताना तिच्या चित्राचे चित्र शेकडो जणांकडून मागवल्याने खात्री वाढत नाही, कामे तेवढी वाढतात.

पुढच्या घटक चाचणीत कळीचे नाव विचारण्याऐवजी असा प्रश्न घालून पाहावा : ‘तुमच्या समोरच्या पडद्यावर दिसणाऱ्या, पण स्क्रीनशॉटमध्ये न येणाऱ्या दोन गोष्टी शोधा आणि त्या का येत नाहीत ते सांगा.’ उत्तर पाठ करता येणार नाही. लॅपटॉप उघडून करूनच पाहावे लागेल.